तोच आणि तसाच

मराठी भाषेत 'तोच' आणि 'तसाच' हे दोन शब्द शेजारी शेजारी नांदत आहेत. बसमध्ये छत्री विसरून आलेला गृहस्थ दुसऱ्या दिवशी पहिल्याच दुकानात जाऊन त्याच रंगाची, त्याच दांड्याची छत्री विकत आणतो आणि घरी सांगतो, "तशीच मिळाली." "तीच मिळाली" असे तो म्हणत नाही, म्हणाला तर तो खोटे बोलला असे होईल. उलटपक्षी, उसने दिलेले शंभर रुपये महिन्याने परत आले म्हणजे आलेली नोट आपण दिलेलीच आहे काय, हे तिचा क्रमांक ताडून पाहणारा मनुष्य आम्ही अद्याप पाहिलेला नाही. तेथे तशी आली म्हणजे तीच आली. शेजारी दिलेल्या वाटीभर साखरेचेही असेच. परंतु साखर ज्या वाटीतून गेली ती वाटी मात्र तीच परत यावी लागते, विशेषतः तिच्या बुडावर आजीचे नाव कोरलेले असेल तर. एका दिवसात आपण या दोन शब्दांमधली सीमा कितीतरी वेळा ओलांडतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. ही सीमा नेमकी कोठून जाते, आणि ती सांभाळण्याचा भार कोणावर, हा प्रश्न व्याकरणाचा नसून न्यायाचा आहे, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे.

हे वाटण्यास निमित्त झाले ते मुलांच्या एका पत्त्यांच्या खेळाचे. विषय पोरकट दिसेल; परंतु खेळाचे नियम आणि राज्याचे नियम ही एकाच कुळातील भावंडे होत. दोघांचाही जन्म भांडणातून झालेला असतो, आणि दोघांनाही आपल्या शब्दांत न मावणाऱ्या प्रसंगांना वारंवार तोंड द्यावे लागते. ज्यांचा उभा दिवस नियमांच्या पोटकलमांत जातो त्या आमच्यासारख्यांनी खेळाच्या नियमांकडे तुच्छतेने पाहू नये. त्यांत तंटा लहान असतो. म्हणून तत्त्व स्वच्छ दिसते.

पत्ते आपल्याकडे नवे नाहीत. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अकबराच्या दरबारातील गंजिफांचे वर्णन अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त केले आहे. आमच्या कोकणात सावंतवाडीची दशावतारी गंजिफा प्रसिद्ध आहे. वाटोळी, हाताने रंगविलेली, लाखेने चकचकीत केलेली ही पाने एकशेवीस असतात. दहा अवतारांचे दहा गट असतात; प्रत्येक गटात एक राजा, एक प्रधान आणि एकपासून दहापर्यंत चिन्हांची दहा पाने. ही कला लोपू पाहत होती, तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी तिला राजवाड्यात आश्रय देऊन पुन्हा उभे केले. आम्ही आज ज्या राज्यात राहतो तेथील म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वडियार हे तर गंजिफांचे वेडेच होते. 'श्रीतत्त्वनिधी' या त्यांच्या ग्रंथाच्या कौतुकनिधी या भागात त्यांनी योजिलेल्या खेळांची वर्णने आहेत, आणि त्यांतील काही खेळांस तीनशेसाठ पाने लागत.

या साऱ्या खेळांचा एक समान पाया आहे. पाठीमागून सगळी पाने सारखी असावीत आणि पुढून एकही पान दुसऱ्यासारखे नसावे. पाठी सारख्या असल्यामुळे भिडूचे गुपित राहते आणि चेहरे निराळे असल्यामुळे वादाला जागा उरत नाही. मत्स्याचा राजा सबंध जोडात एकच. तेव्हा 'हा राजा की तो?' हा प्रश्नच उद्भवत नाही. ज्या थोड्या जागी संदिग्धता होती तेथेही जुन्या खेळाडूंनी मोठी शहाणी तोड काढली होती. पहिली उतारी कोणाची? दिवसा खेळत असाल तर ज्याच्या हाती रामाचा राजा त्याची, आणि रात्री खेळत असाल तर ज्याच्या हाती कृष्णाचा राजा त्याची. म्हणजे निर्णय सोपविला तो सूर्यावर, सर्व भिडूंना सारखाच दिसणाऱ्या साक्षीदारावर. संदिग्धता मिटविण्याची ही पहिली आणि सर्वांत सोपी रीत होय: सर्वांना दिसेल अशी खूण शोधावी. परंतु जेथे अशी खूणच नसते तेथे काय करावे?

आता ज्या खेळाविषयी बोलायचे तो नवा आहे. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने रचलेला 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ १९९३ साली बाजारात आला आणि 'जमवाजमवीच्या पत्त्यांचे खेळ' अशी एक नवी जातच त्याने निर्माण केली. यात एका कॅटमध्ये दोघांनी खेळायचे नसते. प्रत्येक खेळाडू बंद पाकिटे विकत घेऊन, मित्रांशी अदलाबदल करून, आपला स्वतःचा जोड सिद्ध करतो. एकाच पत्त्याच्या सर्वसाधारणपणे चार प्रती जोडात ठेवण्यास मुभा असते. जुन्या खेळाचा दुसरा पाया, 'पुढून एकही पान दुसऱ्यासारखे नसावे' हा, येथे पहिल्याच दिवशी ढासळला. पहिलाही पाया डळमळलाच होता. त्या खेळाच्या अगदी आरंभीच्या छपाईतील पत्त्यांचे कोपरे नंतरच्या छपाईपेक्षा अधिक गोल कापले गेले होते. दोन्ही छपायांचे पत्ते एका जोडात मिसळले, की पाठीवरूनही जाणत्याला सुगावा लागे. त्यावर उपाय म्हणून सगळे पत्ते एकसारख्या अपारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटांत घालून खेळण्याचा प्रघात पडला.

या खेळातला एक प्रकार मोठा मजेदार आहे. २००२ सालापासून त्यात असे काही पत्ते आले, की जे मेजावर पालथे टाकता येतात. पत्ता पालथा असेपर्यंत तो कोण आहे हे फक्त त्याच्या धन्यालाच ठाऊक. बाहेरच्या जगाला तो एक निनावी शिपाई. बळ दोन, टिकाव दोन. योग्य वेळी ठरलेली किंमत मोजून धनी तो उलटतो, आणि त्या निनावी शिपायाचा एखादा महाबली राक्षस होतो. आता या खेळात दुसराही एक नियम आहे. मेजावर याच डावात उतरलेल्या शिपायाला त्याच डावात चढाई करता येत नाही. त्याने एक पाळी दम खाल्ला पाहिजे. समजा, एकाचे दोन पालथे पत्ते मेजावर आहेत. एक मागल्या पाळीस उतरलेला, एक आताच उतरलेला. दोघांची पाठ सारखी, बळ सारखे, टिकाव सारखा. परंतु एकाला चढाईचा अधिकार आहे आणि दुसऱ्याला नाही. हा अधिकार कोठे लिहिला आहे? पत्त्यावर तर नाही. तो लिहिला आहे केवळ घडून गेलेल्या गोष्टीत.

आमचे बिऱ्हाड बंगळुरातील मारतहळ्ळी या उपनगरात आहे. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरील दालनात रविवारी मुलांचा हा खेळ रंगतो. कन्नड, तेलुगू, तमिळ, बंगाली, मराठी अशी सर्व भाषांची मुले त्यात असतात आणि भांडण मात्र एकाच इंग्रजीत करतात. अशाच एका रविवारी नेमका वर सांगितलेला पेच पडला. एका मुलाचे दोन पालथे पत्ते पंख्याच्या वाऱ्याने सरकले. त्याने ते उचलून पुन्हा मांडले आणि पुढल्याच क्षणी त्यांतील एकाने चढाई केली. समोरचा म्हणाला, हा तर आताच उतरलेला आहे. पहिल्याचा युक्तिवाद मात्र ऐकण्यासारखा होता. तो म्हणाला, "दोन्ही अगदी सारखे आहेत. दोघांपैकी एकाला चढाई करता येते हे तुला मान्य आहे. मग मी एकानेच केली; कोणत्या एकाने, याच्याशी तुला काय करायचे?"

युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. पण त्यात एक फट आहे. पत्ते पाठीने सारखे होते, पोटाने नव्हते. ज्या पत्त्याने चढाई केली तो पुढल्या क्षणी उलटून राक्षस होणार की उंदीर, हे त्या मुलालाच ठाऊक होते. 'दोघांपैकी कोणताही एक' असे म्हणण्याचा अधिकार ज्याला दोघांतला भेद ठाऊक नाही अशालाच शोभतो. ज्याला तो ठाऊक आहे त्याने तसे म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या अज्ञानावर आपली सोय बसविणे होय.

वाद आमच्यापुढे आला, तेव्हा आम्ही त्या खेळाची नियमावली मागवून पाहिली. जाडजूड ग्रंथ आहे. कित्येक सरकारी संहिता लाजतील असा. त्यात या प्रसंगाची तरतूद स्पष्ट शब्दांत आढळली. एकापेक्षा अधिक पालथे पत्ते ज्याच्या ताब्यात असतील त्याने ते एकमेकांपासून सहज ओळखता येतील अशी व्यवस्था सदैव ठेवली पाहिजे. कोणता आधी उतरला, कोणत्याने मागल्या पाळीस चढाई केली, हे सर्व कळले पाहिजे. त्यासाठी पत्त्यांवर खुणेच्या सोंगट्या ठेवा, फासे ठेवा, नाही तर पत्ते क्रमाने मांडा. आणि शेवटी: पालथा पत्ता मेजावरून उठला किंवा डाव संपला, म्हणजे तो उताणा करून समोरच्याला दाखविलाच पाहिजे. आम्ही निकाल दिला, की भेद दाखविणे ज्याचे कर्तव्य त्याला तो दाखविता येत नाही. म्हणून संशयाचा फायदा समोरच्याला. या पाळीस दोघांपैकी कोणीही चढाई करू नये. मुलाने किंचित कुरकुर करून मानले. पुढल्या डावापासून आधी उतरलेल्या पत्त्यावर तो रुपयाचे नाणे ठेवू लागला.

या नियमाने आम्हांला विचारात पाडले. हा भार त्याने समोरच्यावर का टाकला नाही? 'ज्याला शंका आहे त्याने लक्ष ठेवावे' असे म्हणणे किती सोपे होते! परंतु नियमकर्त्यांनी ओळखले, की गुप्ततेचा लाभ ज्याला मिळतो त्यानेच त्या गुप्ततेचा हिशेब ठेवला पाहिजे. पत्ता पालथा ठेवण्याची सवलत त्याला दिली. तिच्या मोबदल्यात दोन अटी घातल्या. चालू व्यवहारात नोंद चोख ठेव, आणि व्यवहार संपताच सर्व उघडे करून दाखव. कारकुनी भाषेत सांगायचे तर पहिली अट दप्तराची आणि दुसरी लेखापरीक्षेची. विश्वास ठेवण्याची सक्ती समोरच्यावर कायमची नाही. ती केवळ डाव संपेपर्यंत आहे.

दोन सारख्या वस्तूंचा प्रश्न तत्त्वज्ञांनाही पुरातन काळापासून छळत आला आहे. जर्मन तत्त्ववेत्ता लायब्निट्स याचे म्हणणे असे, की सर्व बाबतींत तंतोतंत सारख्या आणि तरीही दोन, अशा वस्तू सृष्टीत असूच शकत नाहीत. हेरेनहाउझेनच्या उद्यानात राजकन्या सोफियाच्या समक्ष एका चतुर गृहस्थाने दोन हुबेहूब सारखी पाने शोधून काढण्याचा विडा उचलला आणि सारी बाग धुंडाळून तो रिकाम्या हाताने परतला, ही हकीकत लायब्निट्सने स्वतः १७१६ सालच्या पत्रव्यवहारात सांगितली आहे. आपल्या कणादांची परंपरा निराळ्या वाटेने त्याच प्रश्नाशी येते. दोन पार्थिव परमाणू गुणांनी सारखे असले तरी प्रत्येकात त्याचा असा एक 'विशेष' असतो, आणि त्या योगेच हा तो नव्हे हे ठरते, असे वैशेषिक मानतात. मात्र तो विशेष सामान्यांस दिसत नाही, योग्यांसच दिसतो.

दोन्ही मते थोर आहेत. पण आमच्या मुलांच्या मेजावर दोन्ही अपुरी पडतात. लायब्निट्सच्या म्हणण्याप्रमाणे सूक्ष्मदर्शक घेऊन पाहिले तर त्या दोन पत्त्यांच्या कागदात फरक सापडेलच. पण त्या फरकावरून कोणता आधी उतरला हे कसे कळणार? आणि योगी तर आमच्या इमारतीत कोणी राहत नाही. त्या पत्त्यांतला जो भेद न्यायाला हवा आहे तो त्यांच्या शरीरात नाहीच. तो त्यांच्या चरित्रात आहे. एक आधी आला, एक मागाहून आला, एवढाच. आणि चरित्र ही अशी चीज आहे, की ते कोणी जपले तरच राहते.

महाभारताच्या वनपर्वात या प्रश्नाचे जे उत्तर आहे ते आम्हांला या दोन्ही मतांहून जवळचे वाटते. दमयंती स्वयंवरमंडपात आली तेव्हा तिला एका नळाच्या जागी पाच नळ दिसले. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नळाचेच रूप घेऊन बसले होते. तिने ओळखले कसे? देवांना घाम नव्हता, पापणी लवत नव्हती, त्यांच्या माळा टवटवीत होत्या, अंगावर धूळ नव्हती, पाय भूमीला लागत नव्हते. खऱ्या नळाची सावली पडली होती, माळ कोमेजली होती, अंगावर धूळ आणि घाम होता. म्हणजे ज्या खुणांनी तो 'तोच' ठरला त्या सर्व काळाने आणि मातीने त्याच्यावर उमटविलेल्या होत्या. वाचकांनी कथेतील आणखी एका गोष्टीकडे मात्र लक्ष द्यावे. या खुणा दमयंतीला प्रथमपासून दिसत नव्हत्या. ती गोंधळली, तिने आपल्या सत्याची शपथ घालून देवांना विनविले, आणि तेव्हा देवांनी आपली लक्षणे आपणहून प्रकट केली. भेद ज्यांना ठाऊक होता, सामर्थ्य ज्यांच्या हाती होते, त्यांनीच तो उघड केला. "आम्ही पाचही सारखे आहोत, तुला ओळखता येत नसेल तर तो तुझा दोष", असे देव म्हणाले नाहीत. देवपण यातच आहे, असे आम्हांला वाटते.

आता मेजावरून उठून कचेरीत येऊ. आमच्या माहितीतील एका कार्यालयात काही वर्षांपूर्वी घडलेली गोष्ट आहे. दोन वृद्ध विधवांना कुटुंब-निवृत्तिवेतन मिळत असे. दोघींचे नाव एक, आडनाव एक, पतीचे नावही एक. त्यांतील एक बाई वारल्या आणि वेतन बंद झाले ते दुसरीचे. हयातीचा दाखला त्यांनी रीतीप्रमाणे नोव्हेंबरात दिला होता. तो भलत्या नस्तीत लागला. बाई काठी टेकीत कार्यालयात आल्या. त्यांना सांगण्यात आले, की ज्या वारल्या त्या तुम्ही नव्हेत याचा पुरावा आणा. बाई म्हणाल्या, "अहो साहेब, मी इथे उभी आहे, याहून दुसरा पुरावा कोणता आणू?" चार महिने त्या खेपा घालीत होत्या. शेवटी एका सहकाऱ्याने दोन्ही नस्त्या शेजारी ठेवून निवृत्तिवेतनाच्या आदेशांचे क्रमांक आणि पतींच्या नोकरीत लागल्याच्या तारखा ताडून पाहिल्या. काम अर्ध्या तासाचे होते. भेद दाखविणारी प्रत्येक खूण पहिल्या दिवसापासून कार्यालयाच्याच कपाटात होती.

मुलांच्या खेळातील नियमाशी ही गोष्ट ताडून पाहावी. खेळात पत्ते ज्याच्या हाती, नोंद त्याच्याकडे, आणि नोंद चुकली तर तोटाही त्याचाच. कचेरीत पत्ते आमच्या हाती, नोंद आमच्याकडे. नोंद चुकली की तोटा मात्र मेजापलीकडे उभ्या असलेल्या बाईंचा. आम्ही त्या मुलाला जी सवलत दिली नाही ती राज्यकारभार स्वतःला नित्य देत असतो. 'नामसाधर्म्यामुळे गोंधळ झाला' हे वाक्य आम्ही किती सहजपणे लिहितो! जणू गोंधळ हा पावसासारखा आकाशातून पडतो. दोन माणसांचे नाव सारखे असणे हा त्यांचा अपराध नव्हे. त्यांना सारखे दिसू देणे हा मात्र कोणाचा तरी निष्काळजीपणा असतो.

सारखेपणाच्या मोहाचे एक उदाहरण आमच्या पायांखालीच आहे. मारतहळ्ळी हे नाव ऐकले, की नव्याने बदलून आलेल्या मराठी माणसाला भरते येते. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर होती, तेव्हा ही मराठ्यांचीच हळ्ळी असली पाहिजे, असे तो पहिल्याच आठवड्यात घरी कळवितो. दुसरे लोक सांगतात, की जवळच्या हिंदुस्थान एअरोनॉटिक्स कारखान्यात बनलेल्या 'मरुत' विमानावरून हे नाव पडले. त्या विमानाने पहिले उड्डाण केले ते १९६१ साली. दोन्ही कथांचा आधार एकच: ध्वनी सारखा आहे. ध्वनी सारखा म्हणून नाते तेच, असे ठरविणे आणि नाव सारखे म्हणून बाई तीच, असे ठरविणे या दोन चुका जातीने एकच आहेत. पहिलीने कोणाची चूल विझत नाही, एवढाच फरक.

येथे कोणी आक्षेप घेईल, की मग प्रत्येक वस्तूचे चरित्र लिहीत बसावे काय? अशाने जग दप्तरांखाली चिरडून जाईल. आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल.

पहिला भाग असा, की काही ठिकाणी भेद खरोखरच नसतो, आणि तेथे तो कल्पू नये. दोन लाडू दोन डब्यांत ठेवावयाचे असतील तर चार प्रकारे ठेवता येतात: दोन्ही पहिल्यात, दोन्ही दुसऱ्यात, हा इकडे तो तिकडे, किंवा तो इकडे हा तिकडे. ढाका विद्यापीठातील सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांची गणना मात्र अशा रीतीने केली, की तीत शेवटचे दोन प्रकार एकच ठरतात, चारांऐवजी तीन. १९२४ साली त्यांनी तो लेख आइन्स्टाइनकडे पाठविला, आणि आइन्स्टाइनने स्वतः त्याचे जर्मन भाषांतर करून तो प्रसिद्ध करविला. जेथे 'हा' आणि 'तो' म्हणण्यास निसर्गातच आधार नाही तेथे न म्हणणे, हेच सत्याला धरून होते. व्यवहारातही असे प्रसंग येतात. दोन उमेदवारांना नेमकी सारखी मते पडली, तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचे पासष्टावे कलम सांगते, की चिठ्ठी टाकून निर्णय करावा. २०१७ च्या फेब्रुवारीत मुंबई महानगरपालिकेच्या दोनशेवीस क्रमांकाच्या प्रभागात सारखी मते पडली, तेव्हा निकाल चिठ्ठीनेच लागला. कित्येकांना हे हास्यास्पद वाटले. आम्हांला वाटत नाही. मतांच्या तराजूत भेद नसताना निवडणूक अधिकाऱ्याने 'माझ्या मते अमुक अधिक योग्य' असे म्हणणे अधिक भयंकर झाले असते. भेद नाही हे प्रामाणिकपणे कबूल करण्याचे चिठ्ठी हे एक साधन आहे. मात्र चिठ्ठी काढण्यापूर्वी मते पुन्हा मोजून पाहावीत. शोध न घेताच 'सारखे आहेत' म्हणणे आणि शोध घेऊन म्हणणे, यांत महदंतर आहे.

उत्तराचा दुसरा भाग विस्मरणाचा आहे. त्या खेळाच्या नियमावलीत आणखी एक तत्त्व आहे आणि ते पहिल्याहूनही आम्हांला मोलाचे वाटते. पत्ता एका स्थानातून दुसऱ्या स्थानात गेला, मेजावरून हातात परतला किंवा जोडात पिसला गेला, की काही मोजके अपवाद सोडता तो नवा मानला जातो. पूर्वी त्याने काय केले, त्याच्यावर कोणता प्रयोग झाला होता, कोणते बंधन होते, यांपैकी काहीही त्याच्यासोबत येत नाही. हातात एकाच पत्त्याच्या दोन प्रती असतील तर आता टाकलेली प्रत मघाची की दुसरी, हे विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही. म्हणजे जो नियम मेजावर कडेकोट स्मरण मागतो तोच हातातल्या पत्त्यांना पूर्ण विस्मरण बहाल करतो. यात विसंगती नाही. जेथे भूतकाळावर कोणाचा तरी हक्क अवलंबून आहे तेथे स्मरण सक्तीचे. जेथे तसा हक्क उरलेला नाही तेथे भूतकाळ कोणाच्या पाठीवर लादू नये. शिक्षा भोगून सुटलेल्या मनुष्याला, परीक्षेत एकदा नापास होऊन पुन्हा बसलेल्या विद्यार्थ्याला, एकदा ताकीद मिळून दहा वर्षे चोख काम केलेल्या शिपायाला, कधी तरी 'नवा पत्ता' म्हणून उचलले गेले पाहिजे. स्मरणाच्या जागी विस्मरण हा जसा अन्याय, तसाच विस्मरणाच्या जागी स्मरण हाही अन्यायच. आमच्या कचेऱ्यांची गंमत अशी, की ज्या बाईंचे चरित्र आठवायला हवे त्यांचे आठवत नाही, आणि ज्या शिपायाची ताकीद विसरायला हवी तिचा कागद मात्र नस्तीतून कधी हरवत नाही.

हे मासिक ज्यांच्या हाती पडते ते बहुतेक आमच्यासारखेच, बदलीवर फिरणारे. 'बदली' या शब्दातच आमच्या आयुष्याचा श्लेष आहे. एक कारकून जातो, त्याच्या जागी तसाच दुसरा येतो. खुर्चीला फरक पडत नाही, आणि पडूही नये. याचे प्रथम प्रथम दुःख होते. सात वर्षे ज्या मेजावर कोपर झिजविले तेथे आठवड्याभरात आपले नावही कोणी काढीत नाही, हे मनाला लागते. परंतु थोडा विचार केला, की ही व्यवस्था लोकांच्या हिताची आहे असे पटते. आम्ही गेलो म्हणून कोणाचे काम अडू नये, आम्ही आलो म्हणून कोणाला वेगळा न्याय मिळू नये. यासाठी आम्ही सारखेच असणे इष्ट आहे. ज्या दिवशी कारकून स्वतःला 'तोच' समजू लागतो, 'या कागदावर माझीच सही हवी' असे म्हणू लागतो, त्या दिवशी लाचेचे दार किलकिले होते.

पण हाच न्याय मेजाच्या पलीकडच्या माणसाला लावण्याची चूक आपण करतो. आपण नित्य बदलले जातो. त्यामुळे समोरचाही आपल्याला रांगेतला एक, काल आलेल्यासारखाच आणखी एक, असा दिसू लागतो. वास्तविक त्याच्या दृष्टीने तो कोणासारखाच नसतो. त्याची माळ कोमेजलेली असते, अंगावर प्रवासाची धूळ असते, आणि सावली आमच्या मेजावर पडलेली असते. ती पाहण्यासाठी योगी व्हावे लागत नाही. नस्ती उघडावी लागते.

म्हणून दोन शब्दांची ही सीमा आम्ही आमच्यापुरती अशी आखून घेतली आहे. कारभार करणाऱ्याने स्वतःस 'तसाच' मानावे आणि दारी आलेल्यास 'तोच' मानावे. दोन माणसे सारखी दिसली तर भेद शोधण्याचे काम दप्तर ज्याच्या हाती त्याचे. शोधूनही भेद सापडला नाही तर दोघांना सारखेच द्यावे. वाटून देता येत नसेल तरच चिठ्ठी टाकावी. आणि डाव संपला, म्हणजे आपल्या हातचे सगळे पालथे पत्ते, कोणी मागण्याची वाट न पाहता, उताणे करून ठेवावेत.